भंडारदऱ्याला आई-बाबांना घेऊन निघालात? यादीत नऊ नव्हे, चारच ठिकाणं ठेवा. असं मांडा वेळेचं गणित

"तुम्ही जाऊन या, मी गाडीतच बसते."

गेल्या वर्षी डिसेंबरमधल्या एका शनिवारी संध्याकाळी सव्वासहाला, घाटघरच्या कोकणकड्यापासून जेमतेम शंभर-दीडशे पावलांवर, आई हे म्हणाली. सूर्य पंधरा मिनिटांपूर्वी मावळला होता. ताई सहा वर्षांच्या भाच्याचे उलटीने भरलेले कपडे बदलत होती. बाबा मोबाइल उंच धरून नेटवर्क शोधत होते. आणि मी डोंबिवलीहून निघताना केलेल्या एक्सेल शीटमधल्या नवव्या ओळीकडे बघत होतो. तिथे लिहिलं होतं : 'सूर्यास्त, ४० मिनिटं.'

शीट तशी उत्तम होती. नऊ ठिकाणं, प्रत्येकाला वेळ, दोन ठिकाणांमधलं अंतर, वेगळा रंग. इंजिनिअरिंगची चार वर्षं निदान इथे तरी कामी आली, असं वाटत होतं. पण त्या दिवशी आईने प्रत्यक्ष पाहिलेली ठिकाणं होती दोन. बाकी सगळं तिने खिडकीच्या काचेतून पाहिलं. रंधा धबधब्याच्या पायऱ्या उतरल्यावर तिचा गुडघा सुजला आणि त्यानंतर प्रत्येक थांब्यावर तेच वाक्य ऐकू आलं.

साठीच्या पुढचे आई-वडील, शाळेत जाणारं मूल आणि हातात दोनच दिवस, असा वीकेंड आखणाऱ्या प्रत्येक घरात हे वाक्य कधी ना कधी ऐकू येतं. फेब्रुवारीत आम्ही तिथेच पुन्हा गेलो. तेव्हा काय बदललं, ते सविस्तर पाहू.

भंडारदराच का?

अहिल्यानगर जिल्ह्याच्या अकोले तालुक्यातलं भंडारदरा हे सोप्या भटकंतीसाठी फार सोयीचं ठिकाण आहे. त्याचं कारण साधं आहे : इथलं सगळं एका जलाशयाभोवती आहे. प्रवरा नदीवर ब्रिटिशांच्या काळात बांधलेलं विल्सन धरण १९२६ मध्ये पूर्ण झालं. दगडी बांधकामाचं हे धरण सुमारे २७० फूट उंच असून त्याची क्षमता ११ टीएमसीच्या आसपास, म्हणजे ११,०३९ दशलक्ष घनफूट आहे. त्यामागच्या पाण्याला पर्यटक 'आर्थर लेक' म्हणतात. या पाण्याच्या एका टोकाला शेंडी गाव, दुसऱ्या टोकाला रतनवाडी आणि घाटघर, आणि सगळ्यांना जोडणारा रस्ता.

शेंडीहून निघून मुतखेल, कोलटेंभे, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, पांजरे, मुरशेत असं करत पुन्हा शेंडीला पोहोचलात की जलाशयाची प्रदक्षिणा पूर्ण होते. अंतर पन्नास किलोमीटरच्या आसपास. रस्त्याच्या एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला डोंगर. मध्ये भाताची खाचरं लागतात. गाडी पाहण्याच्या जागेच्या अगदी जवळ जाते. ज्यांना डोंगर चढायचा नाही, पण डोंगरात राहायचं आहे, त्यांना याहून काय हवं?

हा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनविभागाच्या नाक्यावर माणशी आणि गाडीचं प्रवेश शुल्क भरावं लागतं. पावती जपून ठेवा, पुढच्या नाक्यावर मागतात.

किलोमीटर नको, उजेडाचे तास मोजा

माझी पहिली चूक इथेच झाली. मी अंतरं मोजली. पन्नास किलोमीटर म्हणजे शहरातल्या माणसाला दीड तासाचं काम वाटतं. जलाशयाच्या रस्त्यावर मी दुसऱ्या वेळी मुद्दाम वेळ लावून पाहिली, तर थांबे वगळून सरासरी वेग ताशी २५ किलोमीटरच्या पुढे गेला नाही. वळणं, अरुंद डांबर, समोरून येणारी जीप, रस्त्यात निवांत बसलेल्या म्हशी. म्हणजे नुसतं चाक फिरण्याचेच दोन तास.

दुसरा हिशेब थांब्यांचा. 'चहाला पाच मिनिटं थांबू' या वाक्यातली पाच मिनिटं आमच्या घरात सत्तावीस मिनिटांची असतात. हेही मोजलंय. गाडी लावणं, आईने आधी एक पाय, मग दुसरा पाय बाहेर काढणं, बाबांचं स्वच्छतागृह शोधणं, भाच्याचं बिस्कीट, फोटो, पुन्हा सगळे गाडीत आणि मग कुणाचा तरी चष्मा टपरीवर राहिलेला. ठिकाण पाहण्याच्या वेळेखेरीज प्रत्येक थांब्याला वीस मिनिटं वेगळी धरा. नऊ थांबे म्हणजे तीन तास. माझ्या शीटमध्ये या तीन तासांना रकानाच नव्हता!

तिसरी गोष्ट सूर्याची. डिसेंबरच्या मध्यात या भागात सूर्य सातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या सुमारास मावळतो. फेब्रुवारीच्या मध्यात मावळतीला साडेसहा वाजून जातात, जूनमध्ये सव्वासात. डोंगराच्या कुशीतल्या रस्त्यावर ऊन त्याआधीच संपतं. घाटघर ते शेंडी या वीस-बावीस किलोमीटरवर रस्त्याचे दिवे नाहीत, हे आम्हाला अंधारात कळलं.

म्हणून दुसऱ्या वेळी उलटी मोजणी केली. सूर्यास्त साडेसहाला, म्हणजे सहाला शेंडीत परत. त्यासाठी घाटघर पाचला सोडायचं. तिथे एक तास हवा, म्हणून चारला पोहोचायचं. रतनवाडीहून साम्रदमार्गे घाटघरला पाऊण-एक तास, म्हणजे रतनवाडीतून तीनला निघायचं. सकाळी नाश्ता करून साडेदहाला शेंडी सोडली, तर साडेअकराला रतनवाडी. मध्ये उरतात साडेतीन तास.

एकाच गावात साडेतीन तास? बाबांनीही हेच विचारलं होतं.

आईचा आकडा बारा

सगळ्यात महत्त्वाचं मोजमाप घरीच होतं. निघण्याच्या आठवडाभर आधी आईबरोबर सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर फेरी मारली. सपाट रस्त्यावर, गप्पा मारत, ती किती वेळात बसायला जागा शोधू लागते? बारा मिनिटं. हा तिचा आकडा. म्हणजे तिला घेऊन जायची कुठलीही वाट जाताना दहा मिनिटांपेक्षा मोठी नको आणि त्या टोकाला बसायला दगड, पार, पायरी काहीतरी हवं. मग तेवढंच परत.

शक्यतो 'जायचं आणि त्याच वाटेने यायचं' अशाच वाटा निवडा. गोल फिरून येणाऱ्या वाटेवर अर्ध्यात कंटाळा आला, तर मागे फिरा की पुढे जा, अंतर तेवढंच राहतं. सरळ वाटेवरून कधीही परतता येतं.

चढ-उताराबद्दल एक गैरसमज आहे. आपण चढाला घाबरतो. चढताना दम लागतो हे खरं, पण दुखऱ्या गुडघ्यांवर जास्त भार येतो तो उतरताना. पायऱ्या उतरताना शरीराचं वजन सावरत एकेक पाऊल खाली टाकायचं असतं. 'आधी उतरायचं, बघायचं आणि मग वर यायचं' अशी ठिकाणं म्हणूनच फसवी. जाताना सगळे हसत उतरतात. आमचं रंध्याला तेच झालं.

मग चार ठिकाणं कोणती?

पहिलं आणि माझ्या मते सर्वांत सुंदर, रतनवाडीचं अमृतेश्वर मंदिर. रतनगडाच्या पायथ्याशी असलेलं हे शिवमंदिर शिलाहार काळातलं, हजारेक वर्षं जुनं मानलं जातं. बाहेरच्या भिंतींवर आणि खांबांवर बोटभर जागा मोकळी सोडलेली नाही. गाडी जवळपर्यंत जाते. मंदिरापासून काही पावलांवर दगडी पुष्करणी आहे. चारही बाजूंच्या कोनाड्यांमध्ये विष्णूच्या मूर्ती आणि मध्ये हिरवट, स्तब्ध पाणी. गर्दीतले बरेच लोक मंदिरापुढे फोटो काढून पुष्करणी न बघताच निघून जातात.

फेब्रुवारीत आम्ही इथे चाळीस मिनिटं नुसते बसलो. आईने मूर्ती मोजल्या. भाच्याने पुन्हा मोजल्या, त्याचा आकडा वेगळा आला. मग दोघांचं भांडण, मग तिसऱ्यांदा मोजणी. माझ्या डिसेंबरच्या शीटमध्ये पुष्करणीला दहा मिनिटं होती.

पायातलं काढून दगडी फरशीवर चालावं लागतं. दुपारी दगड तापतो आणि थंडीत सकाळी गार पडतो. ज्येष्ठांसाठी जाड मोजे ठेवा. ही सूचना क्षुल्लक वाटेल, पण मधुमेह असलेल्यांच्या पायांसाठी ती नाही.

मंदिराच्या मागून रतनगडाची वाट सुरू होते. गड सोप्या भटकंतीत बसत नाही, वर शिड्या आहेत. पण या वाटेचा सुरुवातीचा टप्पा ओढ्याच्या कडेने, खाचरांच्या बांधावरून जातो आणि बराचसा सपाट आहे. हा ओढा म्हणजेच प्रवरा, तिचा उगम रतनगडावरचाच. खाली ११ टीएमसीचं धरण भरणारी नदी इथे भाच्याला दोन उड्यांत ओलांडता येते. दहा मिनिटं चालायचं, दगडावर बसायचं, पाण्यात पाय सोडायचे आणि परतायचं. ज्यांना जास्त चालायचंय त्यांनी पुढे जाऊन यावं. मी आणि ताई अर्धा तास पुढे जाऊन आलो, आई-बाबा सावलीत थांबले. गाडीत नाही.

जेवणही रतनवाडीतच. गावात घरगुती जेवण मिळतं, पण ऐनवेळी 'ताट वाढा' म्हटलं तर चूल पेटवण्यापासून सुरुवात होते. पोहोचल्याबरोबर सांगून ठेवा. तांदळाची किंवा नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा, आमटी-भात. अकोले तालुक्याचा काळभात हा सुवासिक देशी वाण कुणाकडे असेल तर जरूर मागा. याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाण्यांच्या संवर्धनासाठी २०२० चा पद्मश्री जाहीर झाला होता. ताटातल्या भाताकडे मग जरा वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

दुसरं ठिकाण घाटघरचा कोकणकडा. सह्याद्री इथे एकदम तुटतो. पाऊल घाटमाथ्यावर आणि नजर खाली कोकणात, शहापूर तालुक्याच्या जंगलावर. येताना अलंग, मदन आणि कुलंग हे किल्ले रांगेत दिसतात. कड्यापर्यंत चालणं थोडंच आहे. कठडा असलेल्या भागातच थांबा. सेल्फीसाठी तो ओलांडणारा एक तरी महाभाग दर शनिवारी दिसतोच. मुलाचा हात सोडू नका.

तिथे उभं राहून मुलांना दाखवण्यासारखी एक गोष्ट आहे. घाटघरला २५० मेगावॉटचा उदंचन जलविद्युत प्रकल्प आहे. एक जलाशय घाटमाथ्यावर, दुसरा खाली कोकणात. विजेची मागणी वाढते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून १२५ मेगावॉटचे दोन संच चालवतात. मागणी कमी असते तेव्हा तेच संच उलटे फिरवून खालचं पाणी वर चढवतात. चढवायला लागणारी वीज तयार होणाऱ्या विजेपेक्षा जास्त असते. मग उपयोग काय? स्वस्त वेळेची वीज महाग वेळेसाठी साठवून ठेवायची. डोंगराएवढी बॅटरीच ही! भाच्याला पटलं. बाबांना नाही. 'म्हणजे तोट्यातच की,' असं ते गाडीत बसेपर्यंत म्हणत होते.

तिसरं, शेंडीत धरणाच्या आसपास जलाशयाच्या काठाने फेरफटका. याला वेगळा वेळ द्यायची गरज नाही. रविवारी सकाळी चहाआधी जा. हिवाळ्यात पाण्यावर धुक्याचा थर असतो आणि मागे कळसूबाईची रांग.

चौथं रंधा धबधबा, पण अटीसह. शेंडी-राजूर रस्त्यालगत असल्याने तो येता-जाता होतो. प्रवरेचं पाणी इथे सुमारे १७० फूट खाली कोसळतं. मात्र हा धबधबा धरणाच्या खालच्या बाजूला आहे. त्यामुळे त्याचं वाहणं पावसाइतकंच धरणातून किती पाणी सोडलंय आणि त्यातलं किती वीजनिर्मितीकडे वळवलंय, यावर अवलंबून. डिसेंबरात आम्हाला दिसली ती एक बारीक धार. धरणाच्या पायथ्याशी असलेल्या अम्ब्रेला फॉलचंही तसंच, मोरीतून पाणी सोडलं तरच छत्री उघडते. आदल्या दिवशी मुक्कामाच्या ठिकाणी फोन करून 'पाणी सोडलंय का?' एवढं विचारा. नसेल, तर आईच्या गुडघ्यांना त्या पायऱ्या कशाला?

साम्रदची सांधण दरी, रतनगड, कळसूबाई ही नावं यादीतून काढताना मलाही जड गेलं. १६४६ मीटर उंचीचं महाराष्ट्रातलं सर्वोच्च शिखर आठ-दहा किलोमीटरवर असताना त्याच्याकडे पाठ फिरवायची? पण कळसूबाईला शिड्या आहेत आणि सांधण दरीत मोठमोठ्या दगडांवरून उतरत जावं लागतं. पावसाळ्यात तर सांधण दरीत पाऊलही टाकू नये, ती पाण्याची वाट आहे. हा मित्रांबरोबरचा वेगळा वीकेंड आहे.

पोहोचायचं कसं आणि नकाशावर किती विसंबायचं?

मुंबई-ठाण्याहून इगतपुरी, घोटी, बारी मार्गे शेंडी. अंतर साधारण १७० ते १८० किलोमीटर. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा खुला झाल्यापासून कसारा घाट टाळता येतो. दुचाकींना मात्र तिथे परवानगी नाही. घोटीनंतरच्या ३५ किलोमीटरना तास धरा. नाशिककरांना सगळं मिळून ७०-७५ किलोमीटर.

पुणेकरांनी इथे नीट लक्ष द्यावं. नकाशा दोन रस्ते दाखवतो. एक संगमनेर, अकोले, राजूर असा सुमारे २०० किलोमीटरचा. दुसरा आळेफाट्यानंतर आत वळून कोतूळमार्गे, अंतर कमी. जानेवारी २०२१ मध्ये कळसूबाईला निघालेल्या पुण्याच्या तिघांची गाडी रात्रीच्या अंधारात मोबाइलवरच्या नकाशाच्या भरवशावर कोतूळजवळच्या पुलाकडे गेली. पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यामुळे तो पूल पाण्याखाली होता. स्थानिकांना हे माहीत होतं आणि रस्ता वापरात नव्हता. गाडी पाण्यात गेली. दोघे पोहून बाहेर आले, गाडी चालवणाऱ्याचा मृत्यू झाला.

नकाशाला रस्त्याची लांबी कळते आणि पुढे चाललेल्या मोबाइलवरून वाहतूकही कळते. ज्या रस्त्यावर मध्यरात्री कुणीच जात नाही, तिथे त्याला विचारायला कुणी नसतं. रस्ता रिकामा आहे म्हणून मोकळा आहे की बंद आहे, हा फरक त्याला करता येईलच असं नाही. म्हणून धरणांच्या या तालुक्यात अंधार पडल्यावर अनोळखी जवळचा रस्ता घेऊ नका, मग नकाशा चाळीस मिनिटं वाचवतो म्हणू दे. शेवटच्या मोठ्या गावात विचारा. विचारतानाही 'हा रस्ता भंडारदऱ्याला जातो का?' असं विचारलंत तर उत्तर 'जातो' येतं. जातोच तो. 'आज एसटी कुठून गेली?' असं विचारा. आमच्यापेक्षा एसटीचा चालक तो रस्ता जास्त ओळखतो.

घाटघर-साम्रद भागात मोबाइलचं नेटवर्क बेभरवशाचं आहे. घरूनच नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. नेटवर्क नाही म्हणजे यूपीआयही नाही, तेव्हा सुटे पैसे खिशात हवेत. डिसेंबरात पाच चहांसाठी पाचशेची नोट काढली, तेव्हा टपरीवाल्या मावशींनी 'पुढच्या खेपेला द्या' म्हणून चहा पाजला होता. फेब्रुवारीत आधी ती उधारी चुकती केली. पेट्रोल घोटीला किंवा अकोले-राजूरलाच भरा.

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडू नका. ज्या गिअरने चढ चढलात त्याच गिअरने उतार उतरा. सतत ब्रेक दाबून ठेवला तर तो तापतो आणि ऐनवेळी धरत नाही. अरुंद रस्त्यावर चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायची, हा नियम कागदावर सगळ्यांना पाठ असतो. वळणांवर ज्याला मळमळतं त्याला पुढच्या सीटवर बसवा. आमच्याकडे तो मान भाच्याचा नव्हता, वयाने बसत नाही. म्हणून फेब्रुवारीत दर अर्ध्या तासाने थांबलो आणि मोबाइल काढून घेतला. उलटी झाली नाही.

कधी जावं?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा ज्येष्ठांसाठी सर्वांत बरा काळ. रात्री कडाक्याची थंडी पडते. स्वेटर, कानटोपी हवीच.

पावसाळ्याचा मोह मोठा असतो. डोंगरावरून शेकडो धारा लागलेल्या असतात आणि साधारण ऑगस्टच्या मध्याला धरण भरल्याची बातमी आमच्याच डेस्कवरून जाते. पण घाटघर-रतनवाडीला नगर जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात ते उगाच नाही. भर पावसात कोकणकड्यावर उभं राहिलात तर समोर पांढऱ्या पडद्याशिवाय काही दिसत नाही, पायाखाली शेवाळ आणि सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग. जायचंच असेल तर सप्टेंबरअखेर निवडा. पाऊस ओसरलेला असतो, ओढे वाहते असतात, रानफुलं आलेली असतात. मात्र पावसाने रस्त्यांची काय दशा केलीय, विशेषतः रतनवाडी-साम्रद टप्प्याची, हे आधी विचारा.

मे अखेर ते जूनच्या मध्यापर्यंत काजव्यांसाठी झुंबड उडते. हिरडा, बेहडा, सादडा अशा झाडांवर हजारो काजवे एका लयीत उघडमीट करतात, ते दृश्य विसरता येत नाही. पण ते रात्रीचं काम. अरुंद रस्त्यावर वाहनांची कोंडी आणि वनविभागाची वेळेची बंधनं. आई-बाबांना न्यायचंच असेल तर शनिवार सोडून, आडवारी. आणि हेडलाइट, टॉर्च बंद. काजव्यांच्या मीलनाचा काळ आहे तो, आपल्या फ्लॅशचा नाही.

सामानात काय हवं?

फार काही नको. रोजची औषधं दोन दिवसांची नव्हे, चार दिवसांची घ्या आणि ती डिकीत नको, हाताशी हवीत. गुडघ्याचा पट्टा, हातात काठी. घडीची छोटी खुर्ची नेली तर उत्तम, आम्ही नेली आणि तिच्यावर बाबांनीच कब्जा केला. स्वच्छतागृहाचा प्रश्न बायकांना सर्वांत जास्त छळतो आणि कुठल्याच प्रवासवर्णनात तो येत नाही. शेंडी सोडल्यावर वाटेत भरवशाची सोय नाही असं धरूनच चाला. निघण्यापूर्वी, आणि मग रतनवाडीत जिथे जेवता त्या घरी. संकोच वाटून पाणीच न पिणं हा उपाय आई कायम करते. तो वाईट उपाय आहे.

मुक्काम तळमजल्यावरच मागा. फोनवर 'तळमजला आहे का आणि खोलीपर्यंत पायऱ्या किती?' हे दोन प्रश्न स्वतंत्रपणे विचारा. डिसेंबरात आम्हाला 'तळमजला' मिळाला होता. पार्किंगपासून अठ्ठावीस पायऱ्या खाली. तब्येतीची अडचण आली तर राजूरला ग्रामीण रुग्णालय आहे, रुग्णवाहिकेसाठी १०८.

रविवारी दुपारी तीननंतर मुंबईकडे परतणाऱ्या गाड्या वाढत जातात. आम्ही काठावरची फेरी, नाश्ता उरकून साडेदहाला शेंडी सोडली. बाबांचं बोट धरून उलट्या दिशेला, राजूरला जाऊन पेढे घेतले. रस्त्यात रंध्याला पाणी नसल्याचं आधीच विचारून ठेवलं होतं, म्हणून थांबलो नाही. पावणेचारला डोंबिवली.

जिना चढताना आईने विचारलं, "ती दरी राहिलीच की रे, साम्रदची?" मी मोबाइलवर सांधण दरीचा फोटो दाखवला. तिने तो दोन बोटांनी मोठा करून दगड नीट पाहिले.

"इथे तू एकटाच जा," ती म्हणाली. "आणि आल्यावर फोन कर."